गुणगौरवाच्या फॉर्ममधला 'इतर' रकाना : मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह व कार्यकारिणी सदस्य,

स. न. वि. वि.

आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या गुणगौरव समारंभाला प्रमुख पाहुणी म्हणून यावे आणि बक्षिसे माझ्या हस्ते द्यावीत, असे आपले पत्र मिळाले. आभारी आहे. एकतीस वर्षे अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलेल्या बाईची निवृत्तीनंतर कोणाला आठवण होते, हेच पुष्कळ. पत्रासोबत कार्यवाहांनी विद्यार्थ्यांचा फॉर्म आणि निमंत्रणपत्रिकेचा कच्चा नमुनाही पाठवला, "ताई, एकदा नजर घाला" म्हणून. नजर घातली आणि तिथेच अडले. फोनवर बोलून भागेना, म्हणून हे लिहिते आहे. ते सगळ्या सभासदांनी वाचावे, म्हणून उघडे ठेवले आहे.

फॉर्ममध्ये बारावीचे तीन रकाने आहेत. सायन्स : ७० टक्के व पुढे. कॉमर्स : ८० टक्के व पुढे. इतर : ८५ टक्के व पुढे. 'इतर'मध्ये कोण, तर खाली बारीक अक्षरांत आर्ट्स, चित्रकलेच्या परीक्षा, योगासने आणि कराटे. म्हणजे जी मुलगी दोन वर्षे इतिहास, मानसशास्त्र आणि संस्कृत शिकली, ती आपल्या लेखी कराटेच्या पिवळ्या पट्ट्याशेजारी बसते. (कराटेवर माझा राग नाही. नातू जातो.)

टक्क्यांचे हे जिने कशासाठी, असे मी कार्यवाहांना विचारले. ते म्हणाले, "आर्ट्समध्ये मार्क सोपे पडतात ना, ताई." मी आयुष्यभर बोर्डाचे पेपर तपासले आहेत, तेव्हा एवढे सांगण्याचा अधिकार मला असावा : फिजिक्सच्या पेपरातले अर्धे मार्क ओएमआर शीटवर गोल काळे करून मिळतात. सोपे कशाला म्हणायचे यावर आपण एक संध्याकाळ भांडू शकतो. पण भांडायची गरजच नाही. आपले बोर्ड निकालपत्रावर पर्सेंटाइल रँक, म्हणजे शंभरातल्या किती मुलांच्या पुढे आहात तो आकडा, छापते आणि तो त्या-त्या प्रवाहातल्या मुलांमध्येच मोजलेला असतो. निकालाच्या दिवशी सगळे बडोदे एकमेकांना "पीआर किती आला?" हेच तर विचारत असते. सगळ्यांना एकच पीआर लावा, प्रश्न मिटला. हे मंडळातल्या एकाही इंजिनिअरला सुचले नाही, याचे मला थोडे नवल वाटले.

गेल्या वर्षी मी तिसऱ्या रांगेत बसले होते. सायन्सची मुले आधी. शाल, श्रीफळ, मोमेंटो, अध्यक्षांसोबत फोटो, निवेदिका प्रत्येकाचे 'पुढील ध्येय' वाचून दाखवत होती. मग कॉमर्स, जरा भरभर. 'इतर' पुकारले तेव्हा मागे बटाटेवड्याची परात आली होती. एक मुलगी स्टेजवर चढली, तिला पेनचा सेट मिळाला. फोटोग्राफर तोवर कार्यकारिणीचा ग्रुप फोटो घ्यायला बाहेर गेला होता. तिच्या आईने टाळ्या वाजवल्या, मी वाजवल्या, अर्धा हॉल रांगेत उभा होता. मुलीचे 'पुढील ध्येय' कोणी वाचलेच नाही. फॉर्ममध्ये 'इतर'साठी तो रकानाच नव्हता, हे मला आता कळले.

आपण मुद्दाम करता असे मी म्हणत नाही. हे आपल्या हाडात कसे मुरले, ते मला माझ्याच घरात दिसते.

माझे आजोबा बडोदे संस्थानात, गायकवाड सरकारच्या कचेरीत कारकून होते. मोडी अक्षर असे की वरिष्ठ महत्त्वाचे मसुदे त्यांच्याकडून लिहून घेत. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली गुजरात वेगळे झाले. अकरा वर्षांत आजोबांचे सगळे भांडवल रद्दीत गेले : मोडी, दरबारी मराठी, कोणत्या अर्जावर कोणता शेरा. घरात कोणी त्यावर बोलले नाही, पण वडिलांनी काय ओळखायचे ते ओळखले. शब्दांवर पोट भरायचे नाही. गुजराती कचेरीत, गुजराती कोर्टात मराठी मुलाची जीभ अडखळणार, पण बॉयलरला आणि समीकरणाला मातृभाषा नसते. त्याच सुमारास शहराभोवती कारखाने उभे राहिले. १९६२ साली खताच्या कारखान्याची कंपनी स्थापन झाली, १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, १९६९ साली पेट्रोकेमिकल्सची आयपीसीएल आली. वडील डिप्लोमा करून त्यातल्या एका ठिकाणी लागले. क्वार्टर मिळाले, कंपनीची बस दारात आली, आईने पहिल्यांदा फ्रिज पाहिला. माझ्या पिढीतल्या निम्म्या मराठी घरांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. म्हणून सायन्सवरच्या आपल्या भक्तीला मी हसत नाही. ती पोटाच्या खळग्यातून आलेली आहे.

पण गोष्टीचा दुसरा भाग आपण सांगत नाही. आजोबा गेल्यावर दहा-बारा वर्षांनीसुद्धा वर्षातून एक-दोनदा कोणीतरी दारात यायचे. हातात इनामाचा, नाहीतर देवस्थानाचा जुना कागद. "तुमच्याकडे मोडी वाचणारे होते ना?" होते. वडिलांना येत नव्हते, मला येत नव्हते. आम्ही चहा देऊन परत पाठवायचो.

आता आपल्या सगळ्यांच्या तोंडचे वाक्य घेते : "सायन्स घेतलं की सगळी दारं उघडी राहतात." मीच हे वाक्य पालकसभेत शेकडो वेळा बोलले आहे. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मेडिकल, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, एनडीएतून नौदल किंवा हवाई दल यांना बारावीत ठरावीक विषय लागतात, ते नसतील तर पुढची वाट फार अवघड होते. उलट सायन्सवाला बी.ए.ला येऊ शकतो. पहिली नोकरीही सायन्सवाल्याला बहुधा लवकर लागते. हे लपवून मुलांना आर्ट्सकडे पाठवणारा माणूस मला फसवणारा वाटतो. पण मग ही यादीही पालकांना सांगा : पाच वर्षांचे लॉ, सी.ए., फाइन आर्ट्स, पत्रकारिता, समाजकार्य, एनडीएचा लष्कराचा भाग आणि पदवीनंतर यूपीएससी यांना बारावीचा प्रवाह कोणी विचारत नाही. ज्या मुलाला यांतलेच काही करायचे आहे, त्याने दोन वर्षे उघड्या दाराचे भाडे का भरावे? आणि ते भाडे फार असते. माझ्या वर्गातल्या शेवटच्या तीन बाकांनी ते भरलेले मी पाहिले आहे.

त्यांतल्या एका मुलाचे सांगते. आरसे आणि भिंगे शिकवत होते. येणाऱ्या प्रकाशाच्या उलट दिशेने मोजलेले अंतर ऋण घ्यायचे, अशी आमची चिन्हांची पद्धत. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, हे मायनस ठरवलं कोणी? आणि ठरवायच्या आधी लोक काय करत होते?" पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचा, दुसरा इतिहासाचा. वर्गात त्या दिवशी त्याहून चांगले काही कोणी बोलले नव्हते. मी म्हटले, "पेपरात येत नाही, खाली बस." बारावीला फिजिक्स आणि गणित दोन्ही राहिले. पुरवणी परीक्षा, मग घरच्यांच्या हट्टाने बी.एस्सी.ला एक वर्ष, मग सगळे सोडून बी.ए., मग एल.एल.बी. आता एका वकिलाकडे दस्त तयार करतो. माझ्या फ्लॅटचा दस्त त्यानेच केला. बिल्डरच्या वकिलाला 'सामायिक जागा' या शब्दाच्या व्याख्येवर अर्धा तास धरून ठेवले होते : "साहेब, हे ठरवलं कोणी?" मी बाजूला बसून ऐकत होते आणि मान खाली घातली होती. तो पोहोचला जिथे पोहोचायचे तिथेच, फक्त चार वर्षे उशिरा. त्या चार वर्षांत त्याच्या वडिलांनी त्याच्याशी धड संवाद केला नाही, हे त्याने दस्ताच्या स्टॅम्पपेपरवर सही घेता घेता सांगितले.

पालकसभेतले माझे दुसरे वाक्य तर याहून वाईट होते. "पासष्टच्या वर असेल तर सायन्स, नाहीतर जनरल." 'जनरल' हा शब्द मी धमकीसारखा वापरायची. बोर्डानेही नाव काय ठेवले आहे पाहा : विज्ञान प्रवाह आणि सामान्य प्रवाह. जो विज्ञानाला नाही तो सामान्य.

या सगळ्यात मुलींचे काय होते, ते आपल्या सभांमध्ये निघत नाही. ज्या घरात दोन मुले आणि एका ट्यूशनचे पैसे, तिथे काय ठरते ते मला प्रवेशाच्या खिडकीवरून दिसायचे. बहीण ८८ टक्क्यांची, भाऊ ६९ चा. सायन्स भावाला. "तिला आर्ट्स आवडतं हो, बाई." ती मुलगी शेजारी उभी असायची आणि काही बोलायची नाही. 'आवड' हा शब्द इतक्या लोकांनी इतक्या सोयीने वापरलेला मी ऐकला आहे की आता कोणी म्हटले की आधी मी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहते. मंडळाची शिष्यवृत्तीही 'सायन्सच्या ट्यूशन फीसाठी साहाय्य' अशीच आहे. घरात एका ट्यूशनचे पैसे आहेत हे दिसत असताना आपणही त्याच ताटात वाढतो.

आर्ट्सवाल्यांनी यावर खूश होऊ नये. तुमच्याकडचे चित्र मी निवृत्तीनंतर जवळून पाहिले, कारण शेजारच्या मुलीची पुस्तके चाळायला लागले. इतिहासाचे सर 'आयएमपी' प्रश्न लिहून देतात, बाकीचे सोडायचे. अर्थशास्त्राच्या मुलीला मागणी-पुरवठ्याचा आलेख दिसला की घाम फुटतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत स्वतःच्या गल्लीतल्या दहा घरांनासुद्धा काही विचारलेले नसते. उरलेल्या मुलांची शाखा म्हणून तिकडे बघायचे, म्हणून तिकडे उरलेसुरले शिकवायचे, आणि मग म्हणायचे की बघा, यात काही दम नाही. त्यांना आलेख शिकवायला बोलवा, मी येते. रिक्षाभाडेसुद्धा नको.

आणि आमची सायन्सची मुले? जर्नलमध्ये 'निष्कर्ष' तीन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहा म्हटले की वर्गात सुतक पडायचे. साठ जर्नलांमध्ये साठ वेळा तेच वाक्य, गेल्या वर्षीच्या सीनिअरच्या चुकीसकट. एका वर्षी तर 'प्रिझम'ऐवजी 'प्रिझन' असे साऱ्या वर्गाने लिहिले होते.

आपल्या प्रत्येक समारंभात सयाजीराव महाराजांच्या तसबिरीला हार घालून सुरुवात होते. 'महाराजांची पुण्याई' हे शब्द किमान चार भाषणांत येतात. तर त्या महाराजांनी पैसे कशावर खर्च केले ते बघू. १८८६ साली त्यांच्या राज्यात गवई मौलाबक्षांची संगीतशाळा सुरू झाली. १८९० साली कलाभवन निघाले. त्याची आखणी करणारे त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ, रंगांच्या रसायनातले जाणकार. तिथे रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रे आणि चित्रकला एका आवारात शिकवत. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पुढे त्यांनी जे केले ते करायला चित्रकाराचा डोळा आणि फोटोच्या रसायनांची जाण दोन्ही लागते. ते कलाभवन म्हणजे आज विद्यापीठाची टेक्नॉलॉजी अँड इंजिनिअरिंग फॅकल्टी. आपल्याकडे 'कलाभवनात' ॲडमिशन मिळाली की पेढे वाटतात आणि 'कला शाखेत' मिळाली की विचारणाऱ्याला "बघू" असे उत्तर मिळते.

१९१३ साली महाराजांनी एका तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन तीन वर्षांसाठी न्यूयॉर्कला पाठवले. तो तरुण कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र शिकला. आजच्या आपल्या फॉर्ममध्ये हे सगळे 'इतर'. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९१७ साली करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्याला परतले तेव्हा या शहराने त्यांना जातीमुळे राहायला खोली दिली नाही, हेही त्याच श्वासात सांगायला हवे, नाहीतर पुण्याईचे भाषण अर्धवट राहते.

हंसाबेन मेहतांचे नाव विद्यापीठाच्या लायब्ररीवर रोज वाचतो. त्या बडोदा कॉलेजच्या तत्त्वज्ञानाच्या पदवीधर आणि १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघणारे इंग्रजी शब्द होते, ते बदलून 'सर्व माणसे' असे करवून घेण्यात त्यांचा वाटा होता. दोन शब्द बदलले आणि निम्मे जग त्यात आले. असे शब्द पकडायला शिकवतात ती शाखा सोपी असते, असे कोणी म्हणाले तर मला त्याला एक मसुदा द्यावासा वाटतो.

वेंकटरामन रामकृष्णन यांचे नाव आपण दरवर्षी घेता, घ्यावेच. १९७१ साली इथून फिजिक्समध्ये बी.एस्सी., अमेरिकेत फिजिक्समध्येच पीएच.डी., मग नव्याने विद्यार्थी होऊन जीवशास्त्र आणि २००९ मध्ये नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचे. ए ग्रुप (गणितवाला) की बी ग्रुप (जीवशास्त्रवाला), यावरून रक्तदाब वाढवून घेणाऱ्या पालकांना ही ओळ वाचून दाखवा.

फार मोठ्या माणसांची नावे झाली. माझी एक विद्यार्थिनी केमिस्ट्रीत बी.एस्सी. झाली आणि मग विद्यापीठातच म्युझिऑलॉजीला, म्हणजे संग्रहालयशास्त्राला गेली. हा विभाग फाइन आर्ट्समध्ये १९५२ पासून आहे आणि तिथे सायन्सच्या मुलांना हाकलत नाहीत. आता ती जुनी चित्रे साफ करते. कोणता द्रावक वार्निश काढतो आणि कोणता त्याखालचा रंगही नेतो हे तिला कळते, आणि तो रंग तिथे का दिला गेला हेही. तिच्या घरी अजून "पण नोकरी कसली?" चालू आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यामध्ये कडक भिंत नको असे सरकारने लिहून ठेवले आहे. शाळांमध्ये ते कधी उतरेल तेव्हा उतरेल. उलट आता तर दहावीतच गणित बेसिक (सोपे) की स्टँडर्ड (कठीण), इथून वाटणी सुरू होते. मंडळाचा फॉर्म मात्र आपल्याच हातात आहे, त्याला गांधीनगरच्या बोर्डाची परवानगी लागत नाही.

माझे म्हणणे असे. तीनही रकाने काढा, एकच ठेवा, पीआर लावा. नावे आडनावाच्या आद्याक्षराने पुकारा. 'पुढील ध्येय' सगळ्यांचे वाचा, नाहीतर कोणाचेच वाचू नका. (माझे मत दुसऱ्या बाजूला. सतराव्या वर्षी माइकवर ध्येय सांगितले की ते बदलायची लाज वाटते.) शिष्यवृत्तीतला 'सायन्सच्या' हा एक शब्द खोडा आणि बहीण-भाऊ दोघे असतील तर दोघांचे निकाल मागा. दहावीच्या मुलांना आपण ऑगस्टमध्ये बोलावून "प्रवाह विचार करून निवडा" सांगतो, तेव्हा ॲडमिशन होऊन दोन महिने झालेले असतात. ते एप्रिलमध्ये करा, परीक्षा संपल्यावर आणि निकाल लागायच्या आधी. एकदा टक्के कळले की मग मुलाला कोणी विचारत नाही, टक्क्यांना विचारतात. भाषणे नकोत. चार टेबले मांडा. एकावर सी.ए., एकावर कोर्टातला अनुवादक, एकावर लॅबमध्ये काम करणारी, एकावर आमच्या दस्तवाल्याला बसवा. पगार किती, पहिली नोकरी किती वर्षांनी, काय कंटाळवाणे आहे, हे त्यांनी खरे सांगायचे. दस्तवाला यायला तयार आहे, मी विचारून ठेवले आहे.

समारंभाला मी येते. यादी मात्र आठ दिवस आधी पाठवा, मी आद्याक्षराप्रमाणे लावून आणीन. बटाटेवडे शेवटचे नाव पुकारल्यावरच आणवा आणि फोटोग्राफरला तोवर हॉलच्या बाहेर सोडू नका.

राहता राहिली पत्रिका. मुखपृष्ठावर आपण विद्यापीठाचा घुमट छापला आहे, जुन्या बडोदा कॉलेजचा. छान आहे, तोच असू द्या. तो आर्ट्स फॅकल्टीचा आहे. जागा असेल तर चित्राखाली तेवढे छापा.

आपली,
एक निवृत्त फिजिक्स शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे